वीस पावलं चालून बघा

रकाना पहिला. मागणी कोणत्या कामासाठी?

"मोटारसायकलवरून लाइनची गस्त. डांबरी रस्ता व कच्ची वाट."

एवढं लिहून त्याने पेनाला टोपण लावलं. ह्या ओळीत एक गोष्ट राहून गेली होती. ती कळायला अजून पाच आठवडे होते, तेव्हा आधी माणूस कोण ते बघू.

तो गस्तवाला. बावीस वर्षं त्याचं काम एकच. वीजकेंद्रापासून डोंगरापल्याड गेलेल्या एकशे चौदा मनोऱ्यांच्या ओळीखालून फिरायचं आणि वर बघायचं. तार धरणारी चिनी मातीची चकती फुटली का, एखादी फांदी तारेच्या जवळ आली का, मनोऱ्याच्या पायाचे बोल्ट ढिले झाले का. निम्मी वाट डांबरी, पुढे खडी, माती आणि नशीब. बोलायला कुणी नाही, वर तारांची घूं घूं. ती आवडते असं तो कुणाला कधी बोलला नव्हता. माणसं वेडा म्हणतात.

आठ महिन्यांपूर्वी एकसष्टाव्या मनोऱ्याच्या उतारावर गाडी घसरली आणि डाव्या पायावर आडवी झाली. पायात कापडी बूट. घोटा इंजिन आणि दगड यांच्या मध्ये सापडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. दुसरीनंतर सर्जनने एक्स-रे खिडकीला धरला.

"हाडं एकमेकांना जोडून टाकलीत. आता हा सांधा राहिला नाही, खांब झाला. दुखेल कमी, पण वाकणार नाही."

जन्मभर खांब बघितलेल्या माणसाला ह्याचं तिथे हसू आलं. घरी आल्यावर आलं नाही.

रकाना दुसरा. निवड कोण करणार?

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. साहेब उभ्याने बोलतात ते काम असतं, बसवून बोलतात ती बातमी असते.

"गस्तवाल्यांना चांगले बूट द्यायचेत. पाच जोड. वरून मंजूर झालंय. प्रकार मात्र एकच, सगळ्यांना सारखा. निवड तुम्ही करा."

"मी?"

"तुमच्याइतकं कोण जाणणार? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मला फुंकून पिणाराच हवाय."

"आणि माझी चाचणी?"

"बूट आले की. नव्या बुटात गाडी चालवून दाखवा. चढ, उतार, खडी. जमलं तर लाइन तुमची."

"नाही जमलं तर?"

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. तो सरळच होता. "भांडार आहेच की."

भांडार म्हणजे तळमजल्यावरची खोली. खिडकी नाही. फळ्यांवर चकत्या, नटबोल्ट, तारेची भेंडोळी, आणि मधोमध एक टेबल, ज्याच्यामागे बसून माणसं निवृत्त होतात. आधीचा भांडारवाला दुपारी दिवा बंद करून बसायचा. का विचारलं तर म्हणायचा, चालू ठेवून काय दिसतंय?

रकाना तिसरा. मापे.

चौघांची मापं त्याने गाड्यांच्या शेडमध्ये घेतली.

"काका, माझा पाय म्हणजे होडी," लंबू म्हणाला. "नंबर लिहू नका, वल्ही किती ते लिहा."

"पंचेचाळीस," मास्तर म्हणाला. मास्तर कुणाचा मास्तर नव्हता, पण सगळ्यांच्या चुका काढायचा. "आणि रुंदीसुद्धा घ्या. नुसत्या लांबीवर बूट घेतो तो पस्तावतो."

पैलवान म्हणाला, "मला काहीही चालेल, फक्त माझ्या बायकोला आधी दाखवू नका. ती म्हणेल, तुमच्यापेक्षा बूट बरे दिसतात."

चौथा त्याचा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ. लाइनवर त्याला यानेच लावला होता. "दाजी, माझं काय विचारता? बेचाळीस. तुमचे बूट फाटले तेव्हा महिनाभर कुणाचे घालून फिरत होतात?"

"परत दिले ना?"

"दिले. वासासकट."

सगळे हसले. मेहुण्याचा आणि त्याचा पाय एका साच्यातला. म्हणजे स्वतःच्या पायात घालून बघितला की त्याचाही बघून झाला. सोपं होतं.

हा रकाना अर्जात नव्हता.

दुकानाकडे जाताना बायको बरोबर होती. आठ महिन्यांत तिची एक सवय झाली होती. दहाबारा पावलं पुढे जायचं, मग काहीतरी निमित्त काढून थांबायचं. चपलेत खडा गेला, ओढणी सुटली, पाटी वाचायची आहे. तो गाठेपर्यंत तिचा खडा निघत नसे. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही आणि त्याने कधी आभार मानले नाहीत.

त्या दिवशी एका पाटीपाशी ती खरंच थांबली.

"अहो, एक सांगू? राग मानू नका."

"बोल."

"तुम्हाला परत जायचंय, ते मला दिसतं. झोपेत पाय हलवता तुम्ही, गिअर टाकल्यासारखा. पण बूट घेताना आधी माझ्या भावाचा पाय बघा, मग तुमचा. तुमचा जायचा तो गेला. त्याचा अजून आहे."

तो पाटी वाचत राहिला.

रकाना चौथा. पाहिलेले प्रकार.

दुकान चालवणारी बाई साठीची होती. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली. तरुणपणी ती चिखलातल्या गाड्यांच्या शर्यती खेळली होती, आणि भिंतीवर फोटो एकच होता, तोही ती पडतानाचा.

"संध्याकाळी आलात, बरं केलंत," ती म्हणाली. "सकाळी पाय खोटं बोलतो. दिवसभर राबला की फुगतो, मग खरं माप सांगतो. जाड मोजे आणलेत? गाडीवर घालता तेच हवेत."

मोजे बायकोच्या पिशवीत होते. तिने खाली बसून त्याच्या डाव्या पायात मोजा चढवला, चारचौघांत, अगदी सहज.

घोट्यापर्यंतचे आखूड बूट त्याने हातही न लावता बाजूला केले. उरले दोन.

"हा शर्यतीचा." बाईने पहिला बूट दोन्ही हातांनी धरून धुणं पिळतात तसा पिळला. तो तसूभर हलला नाही. "चार बकलं, नडगीवर ढाल, तळव्यात पोलादी पट्टी. अख्खी गाडी पडली तरी पाय आत झोपलेला असेल."

मग दुसरा. तोही पिळला. तो जरासा वळला आणि जागेवर आला. "हा दोन्हीकडचा. डांबरावर चालतो, मातीतही चालतो. घोट्यापाशी बिजागरी आहे. पुढेमागे वाकतो, आडवा वाकत नाही, आणि आत दोन्ही बाजूंना कडक वाट्या आहेत. शर्यतीच्या बुटाइतका सांभाळत नाही, खोटं कशाला बोलू. पण ह्यात माणूस माणसासारखा राहतो."

कोपऱ्यात स्टँडवर एक जुनी गाडी होती, बूट घालून बसून बघण्यासाठी. दोन्हीकडचा बूट घालून तो तिच्यावर बसला. आठ महिन्यांनी.

गिअर डाव्या पायाने टाकायचा असतो. पहिला खाली दाबून, पुढचे सगळे चवड्याने दांडी वर उचलून. घोटा वाकत नाही, तर काय वाकेल? त्याने गुडघा वर घेतला, अख्खा पाय उचलला, बुटाचं पातळ टोक दांडीखाली सरकलं. टक्. दुसरा. टक्. तिसरा. वेळ लागत होता, पण गिअर लागत होता. आपण हसतो आहोत हे त्याला बायकोचा चेहरा बघून कळलं. ती हसत नव्हती. नुसती बघत होती.

मग शर्यतीचा. त्याचं टोक विटेसारखं. दांडीखाली जाईना. एकदा गेलं, दुसऱ्यांदा अडकलं, तिसऱ्यांदा काही कळेचना, पाय दांडीवर आहे की हवेत.

"दांडी वर चढवून घेता येते," बाई म्हणाली. "एक बोल्ट सैल करायचा."

"गाड्या ऑफिसच्या आहेत. आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे."

"मग तुम्हाला दोन्हीकडचाच. ह्यात विचार कसला?"

विचार होता तो असा. दोन्हीकडचा बूट आवडला, पण आवडला कुणाला? ह्या पायाला. हा पाय आता खांब. त्याला फक्त परत जायचंय, त्यासाठी तो काहीही आवडून घेईल, चौघांच्या हाडांचं काय व्हायचं ते होवो. अशाची साक्ष कोण धरतं? शर्यतीचा बूट जास्त सांभाळतो, हे बाई स्वतः म्हणाली होती. म्हणजे दोन बुटांमधलं अंतर एवढंच की एकात चौघांचे घोटे जास्त सुखरूप आणि दुसऱ्यात एक माणूस लाइनवर. आणि तो एक माणूस आपण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"वीस पावलं चालून बघा," बाई म्हणाली. "दोन्ही घालून. त्या जिन्यापर्यंत जा, चार पायऱ्या चढा, उकिडवे बसा."

दोन्हीकडच्या बुटात तो चालला. लंगडत.

शर्यतीच्या बुटात चालला. लंगडत. सातव्या पावलाला नडगीवर कड रुतली. बाराव्याला टाच आत उचलली गेली. पायरीवर पाय ठेवला तर बूट पायरीला दाद देईना, जणू फळी बांधली आहे. उकिडवं बसता आलंच नाही. कपाळावर घाम आला.

"कुठे लागतंय?"

"लागत नाही."

"तोंड वेगळं सांगतंय."

"तो माझ्या पायाचा दोष आहे. बुटाचा नाही. आठ महिने असाच चालतोय मी."

बाईने उजव्या बुटाकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि उजव्याला?"

उजव्याला. उजव्या पायाच्या नडगीवरही कड रुतली होती. पण आठ महिन्यांत उजव्या पायाला कुणी काही विचारलंच नव्हतं. घरात एक मूल आजारी असलं की दुसऱ्याचं कोण ऐकतं?

"नवा आहे म्हणून," तो म्हणाला. "अंगवळणी पडेल."

"चौघांना घेऊन या एकदा. त्यांचे पाय, त्यांना बोलू दे."

"ते लाइनवर असतात."

रकाना पाचवा. निवडलेला प्रकार व कारण.

"शर्यतीचा, चार बकलांचा. घोट्यास सर्वाधिक संरक्षण."

सही करताना त्याला वाटलं होतं, आपण काहीतरी मोठं केलं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, पण चौघांचे पाय बाहेर काढले. परतीच्या वाटेवर त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." मग दहा पावलं पुढे जाऊन तिच्या चपलेत खडा गेला.

चाचणी.

सोमवार. सकाळी दहा. साहेब छत्रीखाली, ऊन फार.

पहिला गिअर. लागला.

दुसरा. लागला नाही.

दुसरा. लागला नाही.

दुसरा. लागला. खाली बघावं लागलं. खाली बघितलं म्हणून खड्डा दिसला नाही.

पडला नाही. उजवा पाय टेकला.

चढ. पहिल्यावरच. इंजिन ओरडत होतं, लांब उभा असलेला मास्तरसुद्धा ओरडला, "काका, टाका." काय टाका ते त्याला ठाऊक होतं.

टाकता आला नाही.

भांडार.

दिवा तो चालू ठेवायचा. पहिले काही दिवस.

पाचवा जोड, त्याचा स्वतःचा, वरच्या फळीवर होता. नवव्या दिवशी पैलवान आला आणि त्याने टेबलावर आपले बूट ठेवले. तळ जवळजवळ कोरा.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. गाडीवर एकदम राजा. पण खाली उतरलं की बुजगावणं होतो मी."

"अंगवळणी पडेल."

"मनोऱ्यापर्यंत चढायचं कसं? शेवटचा तुकडा गाडी जातच नाही ना. पायाचे बोल्ट बघायचे तर उकिडवं बसावं लागतं, ते जमत नाही. परवा वाकून बघायला गेलो आणि तसाच गडगडलो. दिवसभरात निम्मं काम पायीच."

निम्मं काम पायीच.

बावीस वर्षं ते त्याने केलं होतं. गाडी बाभळीखाली लावायची, शेवटचे दोनतीनशे हात चढून जायचं, वाकायचं, बसायचं, बोल्ट हलवून बघायचा. आठ महिने खाटेवर आणि खुर्चीत पडून स्वप्नं बघितली ती सगळी गाडीची. स्वप्नात कुणी पायी चालत नाही. अर्जात लिहिलं तेही स्वप्नातलंच.

मग लंबू आला. "होडी चिखलात रुतली, काका." मग मास्तर, तो काहीच न बोलता ठेवून गेला. त्याने एखादी चूक काढली असती तर बरं वाटलं असतं.

"काय घालता मग?" त्याने लंबूला विचारलं.

"जुनेच. कापडी."

तो साहेबांकडे गेला. दुसरा प्रकार आहे, म्हणाला, बिजागरीचा, चालताही येतं, चूक माझी झाली. साहेबांनी ह्या वेळी खुर्ची दिली नाही, म्हणजे बातमी नव्हती. "निवड तुमचीच होती ना? एकदा मंजूर झालेलं पुन्हा मंजूर होत नाही, पाच वर्षं. त्यांना सांगा, घाला म्हणावं."

मेहुण्याने मात्र बूट परत आणले नाहीत. तो घरी आला तेव्हा म्हणाला, "दाजी, मी आपले गाडीच्या मागे बांधून ठेवतो. गाडीवर घालतो, मनोऱ्यापाशी बदलतो."

"दर मनोऱ्यापाशी?"

"जमेल तिथे."

चार बकलं, दोन पाय, दिवसाचे वीसबावीस मनोरे. हिशोब दोघांनाही येत होता. कुणी केला नाही.

अपघाताचा तक्ता.

तो भांडारवाल्यानेच भरायचा असतो, कारण साहित्य दिल्याची नोंद त्याच्याकडे.

जागा: मनोरा सत्त्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. दोन्हींमधलं अंतर जेमतेम पाच मिनिटांचं. एवढ्यासाठी कोण बकलं लावतं?

दुखापत: उजवा घोटा.

संरक्षक बूट दिले होते का: होय.

अपघाताच्या वेळी घातले होते का: नाही. गाडीच्या मागे बांधलेले आढळले.

कारण:

इथे त्याचं पेन थांबलं. त्याने लिहिलं, "निवड करणाऱ्याने". खोडलं. साहेब मागे येऊन उभे होते.

"कारण रिकामं सोडा. दिले होते, एवढं पुरे आहे. बरं झालं तुम्ही सगळ्यांत भारी घेतलेत. आपल्यावर बोट नाही ठेवता येणार कुणाला."

ते गेल्यावर त्याने उठून भांडारातला दिवा बंद केला.

दुपार, हॉस्पिटलची खोली.

मेहुण्याच्या पायातून लोखंडी सळ्या बाहेर आल्या होत्या, बाहेरच्या कड्यांना जोडलेल्या. लहानसा मनोराच. बायको भावाच्या पायथ्याशी बसून चादरीची घडी घालत होती. घडी झाली की उलगडायची, परत घालायची.

"डॉक्टर काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"म्हणाला, बघू." मेहुणा हसला. "तुमच्यासारखं जोडायचं का ते दोन आठवड्यांनी ठरवणार. मग भांडारात दोन खुर्च्या लागतील, दाजी."

कुणी हसलं नाही.

"पंचनाम्यात सगळ्यांना बूट मागे बांधलेले दिसले," मेहुणा म्हणाला. "मी आडवा पडलोय आणि बूट तिकडे मजेत बसलेत. ऐटीत." मग म्हणाला, "दाजी, एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला एकट्यालाच घ्यायचे असते, स्वतःसाठी, तर कुठले घेतले असतेत?"

चादरीची घडी थांबली.

त्याला टक् ऐकू आलं. दुसरा. टक्. तिसरा. पातळ टोक दांडीखाली सरकताना पायाला जे कळलं होतं ते कळलं. एक वाक्य होतं. ते बोललं तर ह्याच्या सळ्या निघणार नव्हत्या. पण दोष कुणाचा हे तरी त्याला कळलं असतं.

"हेच," तो म्हणाला. "हेच घेतले असते."

मेहुण्याने मान डोलावली. खांदे उशीवर सैल पडले. "मग ठीक. मग माझंच चुकलं. घालायला हवे होते मी." आणि त्याने डोळे मिटले.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. दुकानात, स्टँडवरच्या त्या गाडीवर, तो कुठल्या बुटात हसला होता ते तिने बघितलं होतं. आधी माझ्या भावाचा पाय बघा, हेही तीच म्हणाली होती. ती उठली. चादर खुर्चीवर ठेवली, पिशवी उचलली आणि बाहेर पडली.

तो मागोमाग निघाला. बाहेर लांबलचक गुळगुळीत फरशी होती, दोन्ही बाजूंना बंद दारं. ती पुढे होती. दहा पावलं झाली. बारा. तिच्या चपलेत खडा गेला नाही. भिंतीवर पाट्या होत्या, ती एकाही पाटीपाशी थांबली नाही.

वीस.

ती कोपऱ्यावरून वळली. तो चालत राहिला.